घर दाखविणाऱ्यास काय विचारावे?

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, अशी मराठीत जुनी म्हण आहे. ही म्हण रूढ झाली त्या काळी घर बांधणारा आणि घरात राहणारा बहुधा एकच असे. जमीन वाडवडिलांची, लाकूड ओळखीच्या वखारीतले, गवंडी गावातला. पाया किती खोल गेला आणि कोणत्या भिंतीत माती जास्त व चुना कमी पडला, हे मालकास स्वतःस ठाऊक असे. आज शहरांतून पुष्कळ माणसे घर बांधीत नाहीत. दुसऱ्याने बांधलेले आणि कित्येकदा दुसऱ्याने वीस-तीस वर्षे वापरलेले घर विकत घेतात. बांधणाऱ्यास जी माहिती आपसूक होत असे, ती आता विक्रेत्याकडून विचारून घ्यावी लागते. आणि येथेच मध्यमवर्गीय मराठी माणसाची गाडी अडते. कारण विचारण्याचा त्याला संकोच वाटतो.

घर पाहावयास गेलेली मंडळी साधारणतः कशी वागतात ते पाहण्यासारखे असते. विक्रेता वयोवृद्ध गृहस्थ असतो, त्याच्या पत्नीने चहा पुढे केलेला असतो, भिंतीवर कुलदेवतेची तसबीर असते. पाहुणा खिडकीतून बाहेर डोकावतो, ‘उजेड छान आहे हो’ म्हणतो. त्याची पत्नी स्वयंपाकघरातील ओटा हाताने चाचपून पाहते. मग मालक म्हणतात, ‘आमच्या घरात कसलीही भानगड नाही, निश्चिंत असा.’ यावर ‘काका, घराचे मूळ कागद पाहावयास मिळतील का?’ असे विचारणे म्हणजे त्या भल्या गृहस्थाच्या सचोटीवर शंका घेणे, असे पाहुण्यास वाटते आणि प्रश्न ओठांवरच राहतो. आयुष्यभराची पुंजी आणि पुढील वीस वर्षांचे कर्जाचे हप्ते अशा रीतीने एका कप चहाच्या भिडेवर सोपविले जातात.

वस्तुतः हा संकोच अस्थानी आहे, आणि तसे कायदाच सांगतो. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमात विक्रेत्याची कर्तव्ये नमूद केली आहेत. घरात किंवा मालकी हक्कात असा एखादा महत्त्वाचा दोष असेल की जो विक्रेत्यास माहीत आहे, परंतु खरेदीदारास साधारण दक्षता घेऊनही कळण्यासारखा नाही, तर तो विक्रेत्याने आपण होऊन सांगितला पाहिजे. तो दडविणे ही कायद्याच्या दृष्टीने लबाडीच ठरते. खरेदीदाराने मागणी केल्यास मालकीसंबंधीची जी कागदपत्रे विक्रेत्याजवळ असतील ती त्याने तपासणीसाठी दाखविली पाहिजेत. आणि तिसरे, या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे कर्तव्य असे की, मिळकतीविषयी किंवा मालकीविषयी खरेदीदार जे संबद्ध प्रश्न विचारील त्यांची आपल्या माहितीप्रमाणे उत्तरे विक्रेत्याने दिली पाहिजेत. म्हणजे उत्तर देणे हे विक्रेत्याचे सौजन्य नसून त्याच्यावरील बंधन आहे. मात्र या बंधनास एक बाजू आहे ती विसरता कामा नये. जो दोष डोळ्यांना दिसतो, भिंतीची तडा असो की छताचा ओल आलेला कोपरा असो, तो सांगण्याची जबाबदारी विक्रेत्यावर नाही. तेथे खरेदीदाराने पाहावे आणि विचारावे. न विचारणाऱ्याची भीड पुढे कोर्टात त्याच्या उपयोगी पडत नाही.

प्रश्न कसा विचारावा यालाही महत्त्व आहे. ‘घर गळते का?’ असे विचारले की ‘छे, छे’ हे उत्तर ठरलेलेच. त्याऐवजी ‘गेल्या तीन पावसाळ्यांत गच्चीचे किंवा कौलांचे काय काय काम केले, आणि ते कोणी केले?’ असे विचारावे. काम केले असेल तर का केले हे निघते. केले नसेल तर तेही कळते. आणि काम करणाऱ्याचे नाव मिळाले तर त्याच्याकडे चौकशी करता येते. ‘पाणी येते का?’ यापेक्षा ‘पाणी किती वाजता येते, किती वेळ असते, आणि मे महिन्यात टँकर किती मागवावे लागतात?’ हा प्रश्न चांगला. ज्या प्रश्नाचे उत्तर हो अथवा नाही एवढ्यात संपते तो प्रश्न अर्धवट समजावा.

आता पहिला प्रश्न. तो घराच्या भिंतींविषयी नाही, तर विक्रेत्याविषयी आहे: हे घर आपणाकडे कसे आले? विकत घेतले, वारशाने आले, वाटणीत मिळाले, कोणी बक्षीस दिले, की मृत्युपत्राने लाभले? यांपैकी प्रत्येक वाटेस वेगळा कागद लागतो आणि प्रत्येक वाटेवर वेगळे खड्डे आहेत. विकत घेतले असेल तर नोंदणी झालेले खरेदीखत हवे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीवाचून होतच नाही. नुसते साठेखत झाले असेल तर तो विकण्याचा करार झाला, विक्री नव्हे. कित्येक शहरांतून कुलमुखत्यारपत्रावर घरे हातोहात ‘विकली’ गेली. अशा व्यवहाराने मालकी हस्तांतरित होत नाही, असा स्पष्ट निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. म्हणून समोर बसलेला मनुष्य मालक आहे की मुखत्यार, हे आधी विचारावे. मुखत्यार असेल तर मूळ मालक हयात आहे काय, हे विचारून त्यास समक्ष भेटावे. कारण मालक निवर्तला की सामान्यतः मुखत्यारपत्रही त्याच्याबरोबर संपते.

वारशाने आलेल्या घराच्या बाबतीत तर प्रश्न विचारताना भीड सर्वस्वी बाजूस ठेवली पाहिजे. दोघे भाऊ घर विकावयास बसलेले असतात, उताऱ्यावर दोघांचीच नावे असतात, आणि बोलण्यातही दोघांचाच उल्लेख येतो. तेव्हा सहज विचारावे, ‘आपल्या बहिणी कोठे असतात?’ हा प्रश्न कौटुंबिक गप्पांसारखा वाटतो, परंतु त्याच्या उत्तरावर सारा व्यवहार टांगलेला असू शकतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात २००५ साली दुरुस्ती होऊन वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असली आणि ते मृत्युपत्रावाचून वारले असले, तर १९५६ च्या मूळ कायद्यानेच मुली आणि विधवा पत्नी वारस आहेत. ‘बहिणींनी कधीच काही मागितले नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य प्रामाणिक असू शकते. तरीही ते हक्कसोडपत्राची जागा घेत नाही. हक्क सोडला असेल तर तो नोंदणीकृत लेखाने सोडला पाहिजे, अन्यथा बहिणीची सही खरेदीखतावर हवी. आणि मालकांत कोणी अज्ञान मूल असेल तर? हिंदू अज्ञान मुलाच्या स्वतःच्या वाट्याची स्थावर मिळकत त्याच्या आईवडिलांनासुद्धा न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. विकल्यास ते मूल सज्ञान झाल्यावर ती विक्री रद्द करून मागू शकते.

गोव्यात याहून एक वेगळी खबरदारी घ्यावी लागते. पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या कौटुंबिक कायद्याच्या परंपरेने तेथे विवाहानंतर पतिपत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक समजली जाते, आणि घर एकाच्या नावावर असले तरी विकताना दोघांची संमती लागते. तेव्हा फोंड्याचे अथवा म्हापशाचे घर पाहताना विक्रेता विवाहित आहे काय आणि त्याची पत्नी सही करणार आहे काय, हा प्रश्न चौकसपणाचा नव्हे, आवश्यक आहे.

दुसरा प्रश्न कर्जाचा. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. नोंदलेले गहाणखत असेल तर ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील शोधात सापडते. परंतु केवळ मूळ कागदपत्रे सावकाराकडे अथवा बँकेकडे ठेवूनही गहाण निर्माण होऊ शकते, आणि असे गहाण जुन्या नोंदणीपुस्तकांत दिसेलच असे नाही. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना निबंधकाकडे देण्याची तरतूद पुढे झाली आणि बँकांच्या तारणांची एक मध्यवर्ती नोंदवहीही २०११ पासून आहे. तरीही खाजगी सावकाराच्या तिजोरीत काय आहे ते तिच्यात उमटत नाही. यावर जुन्या वकिलांचा उपाय अगदी साधा आहे: मूळ खरेदीखत हातात घेऊन पाहावयास मागावे. छायाप्रत पुढे आली की ‘मूळ कोठे आहे?’ असे विचारावे. ‘बँकेच्या लॉकरात आहे’ हे उत्तर खरेही असेल, आणि ते बँकेच्या लॉकरात नसून बँकेच्याच ताब्यात आहे असेही निघेल. कर्ज असणे हा दोष नव्हे. किती बाकी आहे, ती कोण फेडणार आणि कागद केव्हा सुटणार, एवढे लेखी ठरले म्हणजे झाले. घरपट्टी, पाणीपट्टी आणि विजेची थकबाकीही याच वेळी विचारावी. वेगळे काही ठरले नसल्यास विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी देणे विक्रेत्याने भरावयाचे असते. घरपट्टीची पावती मात्र मालकीचा पुरावा नव्हे. सातबारा उताऱ्यावरील किंवा मिळकत पत्रिकेवरील नोंदही मुख्यतः महसुलासाठी असते. ती मालकी निर्माण करीत नाही.

त्याच्या जोडीस आणखी एक प्रश्न येतो: या घरात सध्या कोण कोण राहते? मागील खोलीत एखादी वृद्ध आत्या असते, जिन्याखाली शिवणयंत्र घेऊन बसलेला शिंपी असतो, माळ्यावर ‘आमचाच माणूस’ म्हणून एक कुटुंब असते. प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे त्याचा काही हक्क असल्यास तो खरेदीदारास ठाऊक होता, असेच कायदा गृहीत धरतो. तेव्हा शिंप्यालाही दोन शब्द विचारावे. तो भाडे कोणास देतो, किती वर्षे देतो, पावती मिळते काय, हे तो मालकापेक्षा मोकळेपणाने सांगतो. घराबद्दल कोर्टात दावा चालू आहे काय हेही विचारून ठेवावे, कारण चालू दाव्यातील मिळकत घेणाऱ्यास त्या दाव्याचा निकाल बांधून घेतो.

कागदांनंतर पाऊस. महाराष्ट्रात घराची खरी परीक्षा आषाढ-श्रावणात होते, आणि चतुर विक्रेता घर दाखवितो फाल्गुनात, नुकताच रंग दिलेले. साऱ्या घरास जुना रंग आणि एकाच खोलीच्या छताला नवा, असे दिसले तर त्या खोलीविषयी अधिक विचारावे. कोकणातील जांभ्या दगडाच्या घराची पश्चिमेकडील भिंत पावसात कशी राहते, वाशांना व तुळयांना वाळवी लागली होती काय, विहिरीला वैशाखात किती हात पाणी असते, हे प्रश्न तेथील माणसाला विचित्र वाटत नाहीत; तो आनंदाने सांगत बसतो.

नदीकाठच्या गावात याहून मोठा प्रश्न आहे. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेच्या पुराने काठच्या पेठा धुऊन नेल्या. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीच्या आसपासची तळमजल्याची घरे बुडाली. कृष्णा आणि पंचगंगा यांनी २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली सांगली-कोल्हापूरकडील वस्त्यांत पाणी आणले. त्याच २०२१ च्या जुलैत वासिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडविली. अशा ठिकाणी ‘येथे पूर येतो का?’ असे विचारू नये. सालाचे नाव घेऊन विचारावे: ‘२०१९ ला पाणी कुठवर आले होते?’ आणि विक्रेता ज्या उंचीवर बोट ठेवील तेथे भिंतीचा गिलावा, वीजेची बटणे आणि दाराच्या चौकटीचा खालचा भाग निरखून पाहावा. हाच प्रश्न शेजारच्या किराणा दुकानदारास विचारला तर दोन्ही उत्तरांतील अंतर हातभर की पुरुषभर, हेही समजते. पाटबंधारे खात्याने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषांपैकी घर कोणत्या रेषेच्या आत येते, हे नगररचना कार्यालयातून ताडून घ्यावे. निळ्या रेषेच्या आत नव्याने बांधावयाचे झाल्यास सामान्यतः परवानगी मिळत नाही, आणि जुने घर पाडून नवे बांधण्याचा बेत असणाऱ्याचे गणित त्यामुळे चुकू शकते.

जुन्या वाड्यांत वाटेचा आणि उजेडाचा प्रश्न असतो. शेजाऱ्याची मोरी आपल्या अंगणातून वाहते, त्याची मंडळी आपल्या बोळातून ये-जा करतात, त्याची खिडकी आपल्या परसात उघडते. वीस वर्षे अखंड, हक्काने आणि उघडपणे चाललेली अशी वहिवाट कायद्याने पक्की होऊ शकते. ‘हा बोळ कोणाचा?’ एवढे विचारल्यावर कित्येक वाड्यांचा अर्धा इतिहास बाहेर पडतो.

सदनिकेची गोष्ट थोडी निराळी. मुंबईत गावदेवीस सारस्वतांनी १९१५ साली सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापिली, तेव्हापासून या पद्धतीच्या घरांना शतकाहून अधिक काळ लोटला आहे. येथे विक्रेता भिंती विकीत नसून भागपत्र आणि त्यासोबतचा राहण्याचा हक्क विकीत असतो. म्हणून भागपत्र कोणाच्या नावे आहे, संस्थेचे देणे किती थकले आहे, मोठ्या दुरुस्तीचा ठराव झाला आहे काय, हे विचारावे. याहूनही महत्त्वाचे म्हणजे इमारतीखालील जमीन बांधणाऱ्याने संस्थेच्या नावे करून दिली आहे काय? पुष्कळ संस्थांत ती वर्षानुवर्षे झालेली नसते, आणि पुनर्बांधणीची वेळ आल्यावर रहिवाशांना कळते की जमीन आपली नव्हतीच. इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय, हाही असाच न विचारला जाणारा प्रश्न. ते नसताना लोक दहा-दहा वर्षे राहतात, आणि मग पाण्याचा दर वाढीव का, याचे कोडे त्यांना पडते. बृहन्मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे; तिचा अहवाल मागून पाहावा.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी तेथील रिवाजाप्रमाणे प्रश्नात भर घातली पाहिजे, नाहीतर पुण्यातील अनुभव परमुलखात तोकडा पडतो. बंगळुरास घराचा खाता ‘ए’ वर्गातला आहे की ‘बी’ वर्गातला, हे पहिल्याच भेटीत विचारतात आणि त्यात कोणास वावगे वाटत नाही. दिल्लीत जमीन भाडेपट्ट्याची आहे की मुक्त मालकीत रूपांतरित झाली आहे, हे विचारावे लागते. वडोदऱ्याच्या काही घोषित भागांत १९९१ च्या गुजरात राज्याच्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून घराचे हस्तांतरण करता येत नाही. घर त्या भागात मोडते काय, हे तेथील जुन्या रहिवाशास बिनचूक माहीत असते.

पैशाच्या बोलण्यात एक प्रश्न खरेदीदाराने स्पष्टपणे टाकावा: ठरलेली संपूर्ण किंमत खरेदीखतात लिहिली जाईल ना? ‘थोडे रोख द्या, मुद्रांक शुल्क वाचेल’ ही सूचना बहुधा स्नेहाच्या सुरात येते. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून आयकर कायद्याने मनाई आहे, आणि जे पैसे कागदावर नाहीत ते व्यवहार मोडल्यास परत मागता येत नाहीत. विक्रेता परदेशी राहत असेल तर तेही आधीच विचारून घ्यावे. देशातील विक्रेत्याच्या पन्नास लाख वा अधिक किमतीच्या घरावर खरेदीदाराने एक टक्का कर कापून भरावयाचा असतो; अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत कापावयाचा कर पुष्कळच अधिक असतो आणि तो कापला नाही तर जबाबदारी खरेदीदारावर येते.

हे सारे विसाराची रक्कम देण्यापूर्वी विचारावयाचे असते, दिल्यानंतर नव्हे. विसार दिला की प्रश्न विचारणाऱ्याचा सूर बदलतो आणि उत्तर देणाऱ्याचाही. विक्रेत्याने जे जे सांगितले त्याची टिपणे घरी येऊन त्याच दिवशी लिहावी आणि वकिलाच्या हाती द्यावी. तीस वर्षांच्या नोंदींचा शोध आणि वृत्तपत्रातील जाहीर सूचना हे त्याचे काम. परंतु बहीण नागपुरास असते किंवा शिंपी पावतीवाचून भाडे देतो, हे त्यास नोंदणीपुस्तकातून समजणार नाही.

उरतात त्या लहानसहान गोष्टी, आणि भांडणे बहुधा त्यांवरूनच होतात. पंखे व दिवे राहणार की जाणार, गच्चीवरील टाकी कोणाची, देवघराचा कोरीव मखर भिंतीस जडलेला आहे की सुटा, अंगणातील पितळी घंटा आणि झोपाळ्याच्या कड्या कोण नेणार, घर रिकामे करून किल्ली कोणत्या तारखेस मिळणार. मालकीणबाईंना तुळशीवृंदावन बरोबर न्यावयाचे असेल, तर तेही त्यांना विचारून करारात लिहून ठेवावे.